दाणे टिपलेला कोंबडा

प्रबंधाचा विषय मी निवडला नव्हता, हे आधीच सांगून टाकते. सरांनी माझ्या गळ्यात मारला. मला लिहायचं होतं आमच्या पाड्यावर येणाऱ्या शहरी पाहुण्यांबद्दल, आणि सर म्हणाले, शेजारच्या देशांत हलाल पर्यटनावर काय काय संशोधन चाललंय त्याचा आधी आढावा घे, मग तुझा पाडा. मी म्हटलं, "सर, जव्हारला बसून मी मालदीवचं काय डोंबल लिहिणार?" ते हसले. म्हणाले, "तिकडचे लोक मालदीवला बसून जगाचं लिहितात, तू जव्हारला बसून लिही." बसले वाचत.

विषयाची भीती पहिल्याच आठवड्यात बसली. बाजारपेठेतल्या झेरॉक्सच्या दुकानात मी निबंधांच्या प्रती काढत होते. दुकानात उभ्या एका माणसाने वरच्या पानावरचा तो एक शब्द वाचला आणि मला विचारलं, "हे काय नवीन काढलंय, ताई? कुणासाठी?" आवाज काही चढलेला नव्हता. पण हल्ली या शब्दावरून लोक कुठल्या कुठे जातात, फोनवर काय काय फिरतं, ते मला ठाऊक. मी म्हटलं, "कॉलेजचं आहे." आणि ते पान उलटं घालून बाहेर पडले. त्यानंतर कुणी विचारलं की मी नुसतं "पर्यटन" म्हणायची.

आता वाचलं काय, तर आधीची माणसं पाहुण्याला काय लागतं एवढंच विचारायची. नमाजाला जागा आहे का, खोलीत मक्केची दिशा दाखवली आहे का, आवारात दारू नको, मांस कसं कापलेलं. पुढे मलेशिया-इंडोनेशियावाल्यांचं सगळं लक्ष प्रमाणपत्रांवर गेलं, कुणी द्यायचं, कुणाचं खरं मानायचं. थायलंड, श्रीलंकेसारख्या ठिकाणी प्रश्न निराळा, स्वयंपाक करणारा दुसऱ्या धर्माचा असेल तर पाहुण्याने विश्वास कसा ठेवायचा? अलीकडचे लोक पाहुण्यांनी फोनवर दिलेल्या शेऱ्यांवर आणि एकट्या फिरणाऱ्या बायकांवर लिहितात. निबंधांत सारख्या येणाऱ्या शब्दांची वर्तुळं काढून एकमेकांना रेघांनी जोडतात, आणि मधल्या मोठ्या वर्तुळात बहुतेकदा ‘विश्वास’ हा शब्द. वाचून मला वाटलं, झालं, समजलं सगळं. कागदावर सगळंच समजतं म्हणा.

एका चर्चासत्रात माझी भिवंडीच्या एका मुलीशी मैत्री झाली होती. तीही पर्यटनावरच काम करते. मी तिला म्हटलं, आमच्याकडे ये, राहा, आणि तुला कुठे काय खटकतं ते मला सांग, माझं एक प्रकरण होऊन जाईल. ती म्हणाली, अम्मीला घेऊन येते, ती कित्येक वर्षांत कुठे गेलेली नाही. ठरलं. आणि मग तिचे फोन सुरू झाले. "तिकडे कोणी काही बोलणार नाही ना? अम्मी बुरख्यात असते. गाडीत नाव विचारलं तर सांगायचं ना?" मी दर वेळी म्हणायची, अगं कोण काय बोलतंय, आपली साधी माणसं आहेत. फोन ठेवला की मला झेरॉक्सच्या दुकानातला तो माणूस आठवायचा.

पण माझी खरी भीती तो माणूस नव्हता. माझी भीती घरातच चुलीपुढे बसलेली होती. माझी आई.

आमचा पाडा जामसरच्या अलीकडे. जमीन आमची कधीच नव्हती. दुसऱ्याच्या भातात लावणीला जायचं, कापणीला जायचं, आणि दिवाळी झाली की बिऱ्हाड उचलून भिवंडीकडच्या वीटभट्टीवर. बाबा गेल्यावर आईने भट्टी सोडली. घरकुलाच्या दोन खोल्या झाल्या तेव्हा बचत गटातल्या बायकांबरोबर तिनेही एक खोली पाहुण्यांसाठी ठेवली. धबधबा बघायला, डोंगर बघायला लोक येतात, नागलीची भाकर खातात, फोटो काढतात. आईला त्याचा केवढा तोरा! कारण तिच्या लहानपणी आमच्या लोकांच्या हातचं कुणी पाणी घेत नसे. ती मोखाड्याकडची, पोशेऱ्याची. तिथे मालकाच्या अंगणात काम केलं की भाकर मिळायची ती वरून टाकलेली. हिने दोन्ही हातांची ओंजळ धरायची आणि मालकीण हात उंच ठेवून भाकर सोडायची, बोट लागू नये म्हणून. हे तिने मला एकदाच सांगितलंय, भांडी घासता घासता, माझ्याकडे न बघता. आता शहरातली माणसं तिच्या चुलीपाशी बसून बोटं चाटतात.

आणि दुसरी गोष्ट कोंबड्याची. आमच्याकडे पाहुण्यासाठी कोंबडा कापायचा तर तो आधी देवाला दाखवतात. मागच्या अंगणाच्या कडेला देवाचा दगड आहे. त्यापुढे तांदळाचे दाणे ठेवायचे, मोहाच्या दारूची धार सोडायची, आणि कोंबडा पुढे धरायचा. त्याने दाणे टिपले, तर देवाने कबूल केलं. नाही टिपले, तर त्या दिवशी कापायचा नाही. आईने आयुष्यात एकदाच हे चुकवलं. भट्टीवर. मुकादमाचे पाहुणे आले, त्याने हिच्यापुढे कोंबडा टाकला, म्हणाला लवकर शिजव. परक्या गावात देव कुठला आणि दगड कुठला? तिने शिजवला, उरलेला रस्सा आम्ही खाल्ला. त्याच आठवड्यात माझ्या धाकट्या बहिणीला ताप भरला. डोळे पिवळे झाले. ती गेली. मी शिकलेली आहे, ती कावीळ होती हे मला कळतं. भट्टीवरचं पाणी कसलं होतं हेही आठवतं. आईला मी कितीदा सांगितलं. ती ऐकून घेते आणि म्हणते, "हां. पण दाखवला नव्हता ना."

आता बघा. माझ्या पाहुणीला चालत नाही नेमकं तेच, दुसऱ्या देवापुढे धरलेलं आणि दारू शिंपडलेलं. आणि माझ्या आईला त्याशिवाय पाहुण्याला घास घालायची छाती नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. आठवडाभर मला धड झोप नव्हती. आईला मी शंभरदा बजावलं. घरातली दारू शेजारी नेऊन ठेव म्हटलं, नवीन पातेली आणली, आणि त्या दिवशी सकाळी जव्हारच्या बाजारातून, मुसलमान भाईच्या दुकानातून कोंबडी कापून आणून तिच्या हातात दिली. "ही शिजव. फक्त हीच. देवाबिवाला काही नाही." ती "हां बाय, हां" म्हणाली. तिचं ते दोनदा "हां" म्हणणं मी ओळखायला हवं होतं. मी पाहुण्यांना आणायला स्टँडवर गेले.

अम्मी एसटीतून उतरल्या त्या माझा हात धरूनच. बारीक, वाकलेल्या, गुडघ्यांनी त्रासलेल्या. माहेर रायगडकडचं, घरात कोकणी बोलणाऱ्या, त्यामुळे मराठी छान. जीपमध्ये त्या एक शब्द बोलल्या नाहीत. शेजारच्या बाईने "कुठल्या तुम्ही?" विचारलं तर मैत्रिणीनेच घाईने "ठाण्याकडच्या" म्हणून सांगितलं आणि अम्मींनी पिशवी छातीशी घट्ट धरली. माझी आई फडक्यात बांधलेली भाकर धरते तशीच. मला उगीच वाटलं, या पोचेपर्यंत तरी सगळं नीट होऊ दे.

घरी आलो. आईने पाण्याचा तांब्या पुढे केला, अम्मी प्यायल्या, आई खूश. मसाल्याचा वास सुटला होता. मी हात धुवायला मागे गेले आणि माझे पाय तिथेच थबकले. अंगणाच्या कडेला तांबडी, चमकदार पिसं पडली होती. बाजारातून आणलेल्या कोंबडीला पिसं कुठली? देवाच्या दगडापुढे दोन-चार दाणे, दगड ओला, आणि मोहाचा तो वास, जो कितीही पाणी ओता, जात नाही.

मी धावत चुलीपाशी गेले. "आई, बाजारची कोंबडी कुठंय?"

"दिली शेजारी." ती रश्श्यात पळी फिरवत होती. "पाहुण्याला काय बाजारची घालतात? नाक कापून घ्यायचंय? आपला तांबडा कापला."

"दाखवलास?"

तिचं तोंड असं खुललं! "दाखवला तर! लगेच टिपले दाणे. एकदम. असा कधी टिपत नाय तो."

मी काय काय बोलले ते आता सांगत नाही. दात-ओठ खाऊन बोलले, हळू आवाजात. तेवढ्यात बाहेर मैत्रिणीने हाक मारली की अम्मीला भूक लागली आहे, सकाळपासून काही खाल्लं नाही. आणि माझ्या आईने ताटं उचललीसुद्धा.

करायला गेले काय अन् उलटे झाले पाय. मी तिच्या मागे बाहेर आले तेव्हा दोघींपुढे ताटं होती. रस्सा, भात, भाकर. गप्प राहिले असते तर कुणाला काही कळणार नव्हतं. आईचा मान राहिला असता, पाहुण्या जेवल्या असत्या. विश्वासावर मी इतकं वाचलं होतं आणि त्या क्षणी मला खरंच वाटलं, राहू दे. अम्मींनी ओठांतल्या ओठांत काही म्हटलं आणि भाताला हात लावला. इतक्या भरवशाने लावला की माझ्याच्याने राहवेना.

"खाऊ नका," मी ओरडले. "अम्मी, खाऊ नका ते."

मैत्रिणीने आधी माझ्याकडे बघितलं, मग रश्श्याकडे, आणि तिचा चेहरा उतरला. अम्मींनी हात मागे घेतला. आणि माझी आई, जिच्या चुलीचं कौतुक करून लोक जातात, ती ताटातल्या त्या मागे गेलेल्या हाताकडे बघत होती. तिला दुसरं काही कळलं नाही. एवढंच कळलं, पाहुणीने तिच्या हातचं सोडलं.

"आमच्या हातचं चालत नाय?" ती म्हणाली. चिडून नाही. अगदी खालच्या पट्टीत.

मी समजवायला गेले, तर तीच बोलायला लागली, भडाभडा. नाय बाय, वाईट काही घातलं नाय. कोंबडा घरचा हाय. देवाला दाखवलाय. दाणे टिपले त्यानं, माझ्या डोळ्यांदेखत. तुम्हाला काय बी होणार नाय. एकदा दाखवला नव्हता तर माझी पोर गेली, म्हणून मी कुणाला तसा घालत नाय. तुम्ही म्हातारं माणूस, लांबून आलात, तुम्हाला काही झालं तर मी काय करू? हे सगळं ती त्या अनोळखी बाईला सांगत होती. भट्टीबद्दल, पिवळ्या डोळ्यांबद्दल, सगळं. मला वाटलं, आता अम्मी उठणार. पिशवी छातीशी धरणार आणि म्हणणार, चल पोरी.

अम्मींनी ताट हलकेच बाजूला सारलं. आईचे डोळे ताटाबरोबर सरकले.

"बाय," त्या म्हणाल्या, "हा कोंबडा तुमच्या देवाचा झाला. त्यात आता माझा वाटा नाही. पण भाकर आहे ना? ताटातलीला रस्सा लागलाय. तव्यावरची द्या." आणि दुसरं ताट येईतो कुठे थांबायचं म्हणून त्यांनी सरळ दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली.

आई हलेना. ती त्या ओंजळीकडे बघत होती. मला कळत होतं ती काय बघतेय. मग ती चुलीपाशी गेली, तव्यावरची नागलीची भाकर घेऊन आली, आणि अम्मींपुढे खाली बसली. भाकर तिने त्या हातांत ठेवली, ठेवून आपले हात त्यांच्या हातांखाली तसेच धरून राहिली. अम्मींनी तुकडा मोडला, मिठाला लावला आणि खाल्ला. लसणाची चटणी मागितली. मैत्रीणही तेच जेवली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, ती म्हणाली तिखट आहे.

इथे गोष्ट संपली असती तर मी सुटले असते. पण आईला चैन पडेना. पाहुणी कोंबडा न खाता जाते म्हणजे काय? सकाळी उठून पाहते तर दोघी म्हाताऱ्या अंगणात. आईच्या काखेत काळा कोंबडा, आणि अम्मी सुरीची धार अंगठ्यावर बघतायत.

"अम्मी, तू कापणार?" मैत्रीण किंचाळलीच.

"माहेरी कोण कापायचं मग? तुझे मामू तर रक्त बघून पळायचे." मग त्या आईकडे वळल्या. "मी माझ्या अल्लाचं नाव घेईन, बाय. पण मग आधी त्या दगडापुढे धरायचा नाही. चालेल? नसेल चालत तर राहू द्या. भाकर गोड होती."

आईची उजवी मूठ मिटलेली होती. तिच्यात तांदूळ होते, बोटांच्या फटीतून दिसत होते. ती दगडाकडे बघायची, मग अम्मींकडे. तिच्या कपाळावर त्या थंडीत घाम आला होता. मला ओरडावंसं वाटलं, आई, नको करूस, काही गरज नाही! तिची भीती खोटी हे मला ठाऊक होतं, तरी मीही दगडाकडे बघितलं. कोंबडा शांत होता, मान वळवून मुठीकडेच बघत होता मेला. आईने हात मागे नेला आणि मूठ सुपात उघडली. दाणे सुपातल्या दाण्यांत गेले. मग तिने कोंबडा दोन्ही हातांनी घट्ट धरून पुढे केला. तोंडाने काही म्हटलं नाही, कुठल्याच देवाचं नाव नाही. अम्मी पश्चिमेकडे तोंड करून उभ्या राहिल्या, बिस्मिल्लाह म्हणाल्या, आणि झालं.

पातेली घासून घासून लख्ख केली. दुपारी जेवायला बसलो तर आईने आपलं ताट घेतलंच नाही. मला भूक नाय, म्हणाली. अम्मी म्हणाल्या, "तुम्ही नाही खाल्लं तर मी कशी खाऊ?" आईने पहिला घास तोंडात घातला तेव्हा तिचा चेहरा मी बघितला. विष प्यायला बसलेल्या माणसाचा असावा तसा. पण तिने चावला, गिळला, दुसरा घेतला.

संध्याकाळच्या गाडीने त्या गेल्या, आणि आईचा एकच धोशा सुरू झाला. "फोन लाव. बाय बरी हाय का विचार." मी लावला. बऱ्या होत्या. दुसऱ्या दिवशी उठल्याबरोबर पुन्हा, "लाव." तिसऱ्या दिवशी पुन्हा. मी वैतागले. "अगं, त्यांना वाटेल आपणच जेवणात काही कालवलं! किती वेळा विचारू?" ती माझ्या फोनकडे बघत बसायची. जेवायची चिमणीएवढं. आणि एके सकाळी मैत्रिणीने फोन उचलला नाही. पुन्हा लावला, नाही. दुपारपर्यंत नाही.

आई त्या दिवशी कामाला गेली नाही. उंबऱ्याशी बसून राहिली. मी लिहायला बसले होते, मालदीव आणि मलेशिया आणि विश्वासाचं ते मोठं वर्तुळ, आणि एक ओळ पुढे सरकेना. म्हातारं माणूस, लांबचा प्रवास, थंडी. मी स्वतःला सांगत होते, तसलं काही नसतं. आणि दर थोड्या वेळाने फोन लावत होते.

मग फोन आपणहून वाजला. मैत्रीण नव्हती, अम्मींचाच आवाज होता. त्यांची तब्येत ठणठणीत होती, मुलीचा फोन पाण्यात पडला होता, एवढंच. मी काही विचारणार, तोच त्यांनी मला विचारलं, "पोरी, तुझी आई बरी आहे ना?"

मी म्हटलं, "ती तुमचीच काळजी करतेय रोज."

"माझी कसली काळजी? मी माझ्या अल्लाचं नाव घेऊन खाल्लं. तिनं तर कुणाचंच नाव न घेता खाल्लंय, माझ्यासाठी. मी रोज पोरीला म्हणते, त्या बायची चौकशी कर. ती म्हणते, बरं दिसत नाही. तूच खरं सांग. ताप नाही ना तिला? डोळे बघितलेस?"

डोळे मी बघितले नव्हते. मी फोन आईच्या कानाला लावला. अम्मी तिकडून तेच विचारत होत्या, मला ऐकू येत होतं. आईने फोन दोन्ही हातांनी धरला.

"बरी हाय," ती म्हणाली. "मी बरी हाय, बाय."